ठाण्याच्या कोर्टात सुईणीची साक्ष

माझी थोरली बहीण, आमची अक्का, विधवा होऊन कल्याणला माहेरी आली आणि पुढे तिला दिवस गेले. कोणाचे ते तिनं सांगितलं नाही. तो मेला नामानिराळा राहिला आणि सगळं हिच्या कपाळी आलं.

बाळंतपण मागच्या खोलीत दार लावून झालं. मूल निपचित, रडेना. आमची म्हातारी सुईण हाताच्या सवयीनं त्याच्या कानाशी काशाची थाळी बडवायला लागली. आईनं तिचा हात धरला, पण शेजाऱ्यांचे कान काय झोपले होते? थाळी वाजली म्हणजे मूल जिवंत, एवढं त्यांना पुरलं. आम्ही परसात पुरलेलं ते पोर पोलिसांनी उकरून काढलं आणि अक्कावर बाळ मारल्याचा खटला उभा राहिला.

पूर्वी पंच बसले की वैद्याला नि सुईणीला समोरासमोर बोलतं करायचे, असं वडील सांगायचे. त्या पंचांनी अक्काला वाळीत टाकलं असतं, तेव्हा त्यांचे गोडवे मी गाणार नाही. पण ठाण्याच्या कोर्टात, दुसऱ्याची साक्ष कानी पडू नये म्हणून, सुईणीला पुकारा होईपर्यंत बाहेर झाडाखाली बसवलं. मी तिच्या सोबतीला होते. आत बोलावून तिला विचारलं, थाळी वाजवलीस का? ती हो म्हणाली. मूल मेलेलंच आलं, असंही म्हणाली. विचारलं तेवढंच सांगायचं, की झाली साक्ष.

मग वडील बाहेर आले आणि आत काय झालं ते सांगू लागले. तिच्या आधी गोऱ्या डॉक्टरनं सांगितलं होतं, मुलाच्या फुप्फुसाचा तुकडा पाण्यावर तरंगला, म्हणजे त्यानं श्वास घेतला होता. हे ऐकून सुईण वडिलांपुढे आली.

"अहो, मीच त्याच्या तोंडात फुंकलं होतं," ती म्हणाली. "तो वारा माझा होता."

वडील धावत वकिलाकडे गेले. वकिलानं तिला पुन्हा बोलवा म्हणून विनवणी केली, पण जज्ज साहेबाला वाटलं, बाहेर कुणीतरी म्हातारीला पढवलंय. अक्काला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. जळो तो न्याय. आई अंथरुणाला खिळली ती उठलीच नाही.

पुढे माझं पहिलं मूलही माहेरीच, त्याच म्हातारीच्या हाती आलं. तेही निपचित.

"आजी, फुंक ना गं," मी म्हणाले.

तिनं मूल तोंडाजवळ नेलं, आणि तसंच खाली ठेवलं.

"नको गं बाई," ती म्हणाली, "तुलाही नेतील."