बेकायदा दुकानाचा कायदा

कोणाच्याही घरी गेले की पेशकार काका उंबऱ्याबाहेर उभे राहायचे आणि घरमालकाचं नाव बापाच्या नावासकट तीनदा पुकारायचे. तिसऱ्यांदा शेवटचं अक्षर चांगलं लांबवून. आमच्याकडे हा प्रकार सकाळी चहाच्या वेळी व्हायचा. पहिल्या पुकाऱ्याला आई हातातलं भांडं आपटायची, दुसऱ्याला "वाजला भोंगा" म्हणायची आणि तिसरा संपेपर्यंत चहात कपभर पाणी वाढलेलं असायचं. तो पाणचट चहा काका फुंकून फुंकून प्यायचे, आणि त्यांना त्यातलं काही कळत नसे.

आदिलाबादच्या कोर्टात आपण पेशकार होतो असं ते सांगत. पेशकार म्हणजे जजसाहेबांजवळ बसून फायली पुढे करणारा कारकून. काका त्या खोलीच्या बाहेर असत. केस निघाली की दारातून नावं पुकारायची, हे त्यांचं काम. त्या कामात कमीपणा काहीच नाही. आवाज लागतो, आणि तो त्यांच्याकडे तीन माणसांना पुरेल इतका होता. मला चीड यायची ती वेगळ्याच गोष्टीची. उभी नोकरी दाराबाहेर काढली, आतलं काहीबाही कानावर पडलं, तेवढ्यावर आपल्याला कायदा येतो असं त्यांनी धरून टाकलं होतं. तलमडुगूकडच्या आमच्या लहानशा गावात त्यांना अडवणारं कोणी नव्हतं.

एकदा एकाची बकरी दुसऱ्याच्या तुरीत शिरली. मालक नुसता हाकलायला धावला असता तर दोन मिनिटांचं काम. पण काकांनी दोघांनाही पारावर बसवून घेतलं. साक्षी झाल्या, उलटतपासणी झाली. दुपार कलली तेव्हा काकांनी हात वर केला. "बकरीची नीयत नव्हती. बकरी बाइज्जत बरी. फैसला झाला." तोवर बकरीने उरलेली तूरही संपवली होती.

अशा माणसाला हसून सोडून द्यावं, आणि आम्ही बरीच वर्षं तेच केलं. नंतर गावच्या विकास समितीने त्यांना अध्यक्ष केलं.

आमच्याकडे गावोगाव अशा समित्या असतात. देवळाची कमान, बोअरची मोटार, गणपतीचा मंडप ही त्यांची कामं. त्याला लागणारा पैसा आमच्या समितीने दारूतून काढला. परवान्याचं दुकान मंडलाच्या, म्हणजे तालुक्याच्या, गावी. तिथून पेट्या आणून खेड्यात विकायच्या, याला सगळे बेल्ट शॉप म्हणतात. त्याला परवाना नसतो, म्हणजे सरळ गुन्हा आहे. या गुन्ह्याचा आमच्या समितीने मारुतीच्या पारावर लिलाव केला, आणि गंगाराम नावाच्या माणसाने बोली जिंकली तेव्हा काकांनी त्याला नारळ दिला. स्वतः काका थेंबालाही शिवलेले नव्हते. "मी कदी वास नाई घेतला," असं ते अभिमानाने सांगत. जणू न पिणाऱ्याने दुकान काढून दिलं की पाप लागत नाही.

काकांचा एक नातू होता, अनिकेत. मुलगा आणि सून हैदराबादला कामाला, पोरगा इथे आजोबांजवळ. देखणा, काटक, अठरा नुकतीच पूर्ण झालेली. त्याला पोलिसात जायचं होतं. रोज पहाटे तो डांबरी रस्त्याने पळायला जायचा आणि काका सायकलवर त्याच्या मागे. घामाघूम होऊन परत आला की काका स्वतः त्याच्या हातात दुधाचा पेला द्यायचे. "माहा नातू ठानेदार होते का नाई पाहा," असं ते भेटेल त्याला ऐकवायचे. या एका बाबतीत त्या माणसाबद्दल मला बरं वाटायचं, हे कबूल करते.

गंगारामच्या दुकानात शाळकरी पोरं दिसायला लागली तशी बाया ओरडू लागल्या. तेव्हा काकांनी सभा बोलावली. विषय दुकान बंद करायचा नव्हता. किती वयापासून द्यायची, हे ठरवायचं होतं. मी शाळेत शिकवून परतताना तिथेच थांबले, कारण असला तमाशा फुकटात परत मिळाला नसता. ज्या दुकानालाच कायद्यात जागा नाही, त्या दुकानाचं कायदेशीर वय ठरवायला गावातले वीस-पंचवीस शहाणे पुरुष मांडी घालून बसले होते, आणि एकाच्याही चेहऱ्यावर हसू नव्हतं.

एक म्हणाला, सरकारचं एकवीस आहे, तेच ठेवा. दुसऱ्याने बियरला अठरा आणि क्वार्टरला एकवीस अशी तोड काढली. गंगारामचं म्हणणं, ज्याला मिशी फुटली त्याला द्यावी, कार्डं कोण पाहत बसेल. मग काका उठले, उपरणं सारखं केलं आणि कोर्टातल्या आवाजात बोलले.

"पैनगंगेच्या पल्याड दुसऱ्या राज्यात दारूले पंचवीस लागते. अल्याड एकवीस. मानसाची अक्कल का नदी पाहून येते? अठराव्या साली पोट्टं मत टाकते, सरकार निवडते. त्याले बाटली निवडता येत नाई? हा जुलूम हाये. अठरा झाला का तो बालिग. बालिगाले हक्क हाये."

पुरुषांनी टाळ्या वाजवल्या. हक्क हा शब्द ऐकला की आमच्या गावात टाळ्या पडतातच. आई पाराच्या कडेला बायांमध्ये उभी होती. ती म्हणाली, "भाऊजी, मत पाच सालातून एकदा टाकते मानूस. बाटली तं रोज लागन. अन् पोट्ट्याचं वय काऊन इचारून राह्यले? इकनारा पन्नाशीले आला, त्याले अक्कल कवा येईन ते इचारा."

बाया हसल्या. गंगारामने मान खाली घातली. काका मात्र हलले नाहीत. "बाईमानसानं पेशीत मधात बोलू नाई," कोर्टात सुनावणी चालू असल्यासारखे ते म्हणाले, आणि हात वर केला. "अठरा. फैसला झाला."

दुसऱ्याच दिवसापासून दुकानासमोर बाकडं आलं. आधी पोरं तुरीच्या आड लपून प्यायची. थोडी भीती असायची, घरी जाताना तोंडात बडीशेप असायची. आता ती गावाच्या परवानगीने बसू लागली. आमच्या शाळेत सुमन स्वयंपाक करते. तिचा राजू एकदा भर दुपारी शाळेच्या पायरीवर ओकला. ते सुमननेच धुतलं आणि ओल्या हातांनी तशीच काकांकडे गेली. काकांनी तिला विचारलं, "राजूले अठरा झाले का?" ती म्हणाली, झाले जी. "मंग तो बालिग झाला. आता याले कोनतीच दफा, कोनतंच कलम लागत नाई, बाई." सुमन परत आली आणि भात टाकायला लागली. मी काकांच्या दारात जाऊन दोन शब्द सुनावायला हवे होते असं तुम्हाला वाटेल. मी सुनावले. त्यांनी मला कायदा समजावून सांगितला.

दसऱ्याला आमच्या भागात घरोघर मटण आणि दावत. दावत म्हणजे दारू, हे इथल्या लहान मुलालाही कळतं. त्या दिवशी बाकड्यावर मी अनिकेतला पाहिलं. मला बघून त्याने ग्लास लपवला नाही. उलट हसला. "मॅडम, आपलं वय बसते आता. आबानंच तं नियम केला." बाजूची पोरं खिदळली.

दिवाळीपर्यंत त्याचं पळणं बंद झालं. काका पहाटे त्याला उठवायला जात, तो कूस बदलून झोपे. भरतीच्या तारखेला तो घरातून निघाला आणि गंगारामच्या बाकड्यापर्यंत पोचला. त्या संध्याकाळी काकांनी त्याच्यावर हात उगारला. आमचं घर शेजारचंच, भिंतीपलीकडून आम्ही सगळं ऐकत होतो.

"मारता काऊन, आबा? कोनती दफा लागते मले?"

पलीकडे कडी वाजली आणि काका अंगणात येऊन उभे राहिले. 

मग काका समितीकडे गेले. वय परत एकवीस करा म्हणाले. समितीतल्या लोकांनी त्यांना चहा पाजला आणि हसून म्हणाले, "काका, फैसला झाला न जी." कमानीचं काम अर्धं झालं होतं, गंगारामचा हप्ता वेळेवर येत होता. कोण कशाला एकवीस करतो?

एक दिवस ते आमच्या दारात आले आणि न पुकारता आत येऊन बसले. आईने त्या दिवशी चहात पाणी घातलं नाही. मला म्हणाले, "माय, माह्यासंगं आदिलाबादले चाल. सभेत काय झालं ते तुवा ऐकलं हाये. तू गवाही दे. दुकान बंद करतो मी." मला मनातून आनंद झाला. म्हटलं, उशिरा का होईना, सुचलं.

कोर्टाजवळच्या एका वकिलाकडे आम्ही गेलो. हा वकील काकांना जुना ओळखणारा, म्हणजे त्यांची खरी नोकरी ठाऊक असलेला. त्याने सगळं शांतपणे ऐकलं.

"तक्रार होते," तो म्हणाला. "परवाना नाही, म्हणजे दुकान बेकायदा. लिलाव बेकायदा. सभा कोणी घेतली?"

"म्या."

"नारळ कोणी दिला?"

काकांनी उपरणं सारखं केलं. मग म्हणाले, "म्याच."

"अठरा कोणी ठरवलं?"

त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

"म्हणजे आरोपींत पहिलं नाव तुमचंच लिहावं लागेल." वकिलाने चष्मा काढून पुसला. "एवढी वर्षं कोर्टात काढली तुम्ही. दुकान बेकायदा आहे हे तुम्हाला कधी समजलं?"

"पोट्टं प्याले लागलं तवा," काका म्हणाले.

त्यांचे डोळे भरून आले होते. मला त्यांची कीव आली आणि कीव आली म्हणून स्वतःचा राग आला, कारण राजूही कोणाचं तरी पोट्टं होता आणि सुमन त्यांच्याच दारात ओले हात घेऊन उभी राहिली होती. मी म्हटलं, "काका, नाव लागलं तर लागू द्या. सही करा. मी गवाही देते." वकिलाने कोरा कागद पुढे केला. काकांनी तो परत वकिलाकडे सरकवला. मग उठले, "सोचून सांगतो," म्हणाले, आणि जिना उतरून गेले.  बसमधून उतरताना तेवढं म्हणाले, "गावात कोनाले सांगू नको, माय." त्या माणसाला त्या क्षणीही इज्जतीचीच पडली होती.

त्यांनी पुढे काही सांगितलं नाही. पुढच्या साली लिलाव झाला, बोली वाढली, गंगारामच जिंकला. नारळ द्यायला काका गेले नाहीत, दुसऱ्याने दिला. अध्यक्षपद मात्र त्यांनी सोडलं नाही.

या उन्हाळ्यात ते गेले. झोपेतच गेले, त्रास झाला नाही. स्मशानातून परतल्यावर समितीने पारावर शोकसभा घेतली. गावाला कायदा शिकवणारा माणूस गेला, असं एक जण गहिवरून म्हणाला. मग सगळ्यांनी मिळून ठरवलं की अध्यक्षांचा मान म्हणून आज दुकान बंद राहील. गंगारामने सगळ्यांसमोर उठून शटर ओढलं. लोकांना ते फार आवडलं.

अनिकेतने सकाळी आजोबांना खांदा दिला होता. घरी येऊन त्याने आंघोळ केली, मोटरसायकल काढली आणि शेजारच्या गावाला गेला. तिथलं दुकान उघडं होतं.