लाल तार ठिपक्याकडे

आमची बायको पहिल्या बोलण्यावर कोणाचाच विश्वास ठेवत नसे. पाहुण्याला "जेवून आलात का?" असं दोनदा विचारायची, आणि दोन उत्तरांत जरा फरक दिसला की सरळ ताट वाढायची. दूधवाल्याचीही तीच गत. लग्नाआधी तिनं माझं शिक्षण दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा मी सातवी नापासच सांगितलं, म्हणून लग्न झालं, असं ती चारचौघांत सांगायची आणि माझ्या तोंडाकडे बघून हसायची.

ही खोड तिला कामातून लागलेली. सीताबर्डीला तिच्या मामाचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, तिथं ती लहानपणापासून बसायची. दुकान बंद पडलं तेव्हा तिनं तिथलं टेबल उचलून जरीपटका वस्तीतल्या आमच्या घरी आणलं, समोरच्या खोलीत मांडलं आणि कामाला लागली. वस्तीत तिला चिपवाली काकू म्हणत. मी तेव्हा सावनेरकडच्या कोळशाच्या खाणीत होतो. रात्रपाळी करून आलो की म्हणायची, "आले आमचे काळे साहेब. बोर्डाले हात लावू नका, आधी धुवा."

तिचं काम काय, ते सांगतो. टीव्ही सुरू होतो, कंपनीचं नाव दाखवतो आणि तिथंच अडून बसतो. दोष बहुतेक एका चिपमध्ये असतो. तुरीच्या डाळीएवढी, आठ पायांची. टीव्हीनं कसं वागायचं ते सगळं तिच्यात भरलेलं. चिप बोर्डावरून न काढता वरून चिमटा लावायचा. चिमट्याच्या तारा काडेपेटीएवढ्या एका डबीत जातात आणि डबी लॅपटॉपला जोडतात. त्या डबीला प्रोग्रामर म्हणतात. मग चिपमधलं सगळं पडद्यावर येतं, आकडे आणि अक्षरं. ती ते दोनदा वाचून घ्यायची. दोन्ही जुळलं तर जपून ठेवायची, मगच जुनं पुसून नवं भरायची. गिऱ्हाईक घाई करायला लागलं की तोंडावर म्हणायची, "आत काय आहे ते पाह्यल्याशिवाय मी कोणाचं काही पुसत नाही. घाई असन तं घेऊन जा."

रिटायर झाल्यावर मी तिचा चिमटा धरायला लागलो. चिपच्या एका कोपऱ्यात बारीक ठिपका असतो. चिमट्याची लाल तार त्याच बाजूला यावी लागते. मी हमखास उलटा लावायचो. उलटा लागला की पडद्यावर वरपासून खालपर्यंत एफएफ, एफएफ, दुसरं काहीच नाही. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी म्हटलं, "कोरी आहे वं. काहीच नाही हिच्यात."

तिनं हातातलं काम खाली ठेवलं. "कोरी नाही ते. बोलून नाही राहिली. तुम्ही उलटं धरलं तिले, मंग काहून बोलन ती तुमच्याशी?" चिमटा फिरवून तिनं दाबला आणि पडदा आकड्यांनी भरला. "लाल तार ठिपक्याकडे. मी मरेपर्यंत तुमाले हे नाही जमणार."

यंदाच्या उन्हाळ्यात कूलरमध्ये पाणी टाकताना ती पडली. लकवा. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, हिला कितपत समजतं ते आत्ता सांगता येत नाही, वाट पाहा. खाट समोरच्या खोलीत टेबलाशेजारी टाकली, कूलर तिथंच होता म्हणून. ती डोळे उघडे ठेवून छताकडे बघायची. हाक मारली तरी छताकडेच.

पुण्याहून मुलगी आली. तिचा मामा, म्हणजे माझा साळा, रोज संध्याकाळी यायचा. एकदा खाटेजवळ बसून चहा पिता पिता तो म्हणाला, "भाऊजी, ताईले काही समजून नाही राहिलं आता. तुम्ही एकटे किती दिवस करान? एखाद्या सेवाघरात ठेवा."

मुलगी म्हणाली, "बाबा, हे टेबलही काढू आपण. नुसती अडगळ झाली."

"चूप बसा," मी म्हणालो. मी खाटेकडे बघितलं. ती छताकडे बघत होती.

टेबलावर शेजारच्या गल्लीतल्या टेलरच्या टीव्हीचा बोर्ड तसाच पडून होता. तो मागायला आला होता. परत द्यायच्या आधी निदान वाचून द्यावा, म्हणून एका दुपारी मी बसलो. चिमटा लावला, तिनं दाखवलेलं बटन दाबलं. एफएफ, एफएफ.

"टेलरची तं कोरीच निघाली," मी मोठ्यानं म्हणालो.

खाटेवरून आवाज आला. शब्द नव्हता, घशातली गुरगुर होती. पण तो राग मी झोपेतसुद्धा ओळखला असता. वळून बघतो तर ती छताकडे नाही, माझ्या हातांकडे बघत होती. डावा हात गादीवरून सरकत होता. मी बोर्ड तिच्या पोटावर ठेवला. तिनं चिमटा ओढला, निघेना. परत ओढला, निघाला. मग बोटांत धरून हळूहळू फिरवला आणि लाल तार ठिपक्याच्या बाजूला आणून थांबली. दाबायला जोर नव्हता. चिमटा मी दाबला. पडदा भरून आला.

"बाई वं," मी म्हणालो, "तू तं आतच आहे."

माझा आवाज ऐकून मुलगी स्वयंपाकघरातून धावत आली. आई तिच्याकडे बघत होती. पोरगी आधी हसली, मग तिचा चेहरा उतरला. तिला काय आठवलं ते मला कळलं, कारण मलाही तेच आठवलं होतं. म्हणजे हिनं सगळं ऐकलं होतं. सेवाघर, टेबल, अडगळ. छताकडे बघत एकेक शब्द ऐकला होता, आणि उलटून एक शिवी घालायचीही सोय नव्हती.

"आई, टेबल नाही काढत मी," मुलगी खाटेला टेकून म्हणाली. मग आपणहून परत एकदा म्हणाली. हिनं डोळे मिटले. रागानं की दमून, ते मला अजून समजलेलं नाही.

संध्याकाळी साळा आला आणि "ताई, चुकलं माझं," म्हणाला. तिनं मान भिंतीकडे वळवली. तो पुढं रोज येत राहिला आणि ती रोज मान वळवत राहिली.

मी सकाळी तिचं तोंड पुसून दिलं की तिचा डावा हात हातात घ्यायचो. "मले ओळखतं का वं?" ती हात दाबायची. परत विचारायचो. परत दाबायची, दुसऱ्या वेळी जरा जोरात, नखासकट. "जुळलं," मी म्हणायचो आणि चहा ठेवायला जायचो.

कूलर बंद करायचे दिवस आले होते. त्या सकाळीही मी विचारलं. तिनं हात दाबला, अगदी हलका. मी दुसऱ्यांदा विचारलं. हात तसाच राहिला.

मुलगी जवळ आली, बघितलं आणि म्हणाली, "बाबा, आई गेली." थोड्या वेळानं डॉक्टर आले, तेही तेच म्हणाले. दोघांचं जुळलं.

मी तिचा हात खाली ठेवला. मग माझा हात फिरवून, दुसऱ्या बाजूनं, तिचा हात नीट धरला आणि परत विचारलं.