डाव्या पायाची ओळ

"उंची नका पाहू, काकू. उंची टेपलाही कळते. पाय पाहा."

हे वाक्य मी त्या माणसाच्या तोंडून शंभरदा तरी ऐकलं असेल. बोलताना तो दोन्ही तळवे जमिनीकडे करून हवेत हळूहळू दाबायचा, जणू समोर कोणी उधळलंय आणि त्याला शांत करायचंय. टीव्हीवरचा खेळ थांबवलेला असायचा. पडद्यावर एक सात फुटी पोरगा हवेत लटकलेला, आणि सोफ्यावर मी, मांडीवर निवडायची मेथी घेऊन.

आधी सांगते मी कोण. मी कराडची. तीस वर्षं ब्लाउज शिवले, परकर शिवले, शाळेचे गणवेश शिवले. शाळा सातवीत सुटली, पुढचं सगळं बघून बघून शिकले. मुलगी आयर्लंडमधल्या ट्रली गावच्या हॉस्पिटलात डॉक्टर झाली तेव्हा तिच्याकडे आले ती इथलीच झाले. हा माणूस शेजारच्या घरातला. मूळचा नागपूरचा, चाळिशीचा, सहा फूट पाच इंच. बायको माझ्या मुलीच्याच हॉस्पिटलात नर्स. हा कॉम्प्युटरवाला होता, पण कंपनीनं माणसं कमी केली त्यात ह्याची नोकरी गेली. मग जे आवडीचं म्हणून करायचा तेच पोटाचं झालं.

पहिल्यांदा आला तो पँट घेऊन. इथल्या दुकानातली लांबातली लांब पँटही त्याच्या घोट्यावर राहायची. मी शिवण उसवून खालची पट्टी सोडून देणार होते. माप घेताना म्हटलं, "उजवा गुडघा कधीपासून दुखतोय?"

त्यानं चमकून खाली पाहिलं. मग म्हणाला, "बाप्पा! तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोण सांगणार? तू उभाच राहतोस डाव्यावर. दोन्ही पाय एका मापाचे सोडले तर उजवा लोळेल."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता बेल वाजली. "काकू, जरा येता का? एक पोरगा दाखवायचाय."

तुम्ही म्हणाल लग्नाचं स्थळ. मलाही तेच वाटलं होतं!

त्याचं काम असं. अमेरिकेत कॉलेजात बास्केटबॉल खेळणाऱ्या पोरांमधून मोठे व्यावसायिक संघ दर वर्षी उन्हाळ्यात पाळीपाळीनं पोरं निवडतात. त्याला ड्राफ्ट म्हणतात. पोरांच्या वतीनं संघांशी बोलणी करणारा तिकडचा एक एजंट त्याआधीच चांगली पोरं हेरून आपल्याकडे घ्यायचा, आणि कोणाला घ्यायचं हे सांगायला त्यानं ठिकठिकाणी माणसं ठेवली होती. ह्याच्याकडे उंच पोरं. बास्केटखाली उभे राहणारे आडदांड गडी, त्याच्या भाषेत बिग मॅन. आयर्लंडच्या कोपऱ्यात बसून, बाहेर पाऊस बघत, हा रेकॉर्डिंग बघून त्यांच्यावर पानं लिहायचा.

आणि लिहायचा कसं, तर आधी मराठीत. दोनशे पानी वहीत, पेन्सिलीनं. मग त्याचं इंग्रजी करून पाठवायचा. मी म्हटलं, हा दुप्पट उद्योग कशाला? तर म्हणाला, "इंग्रजीत माझ्याकडून लवकर खोटं लिहिलं जातं, काकू. मराठीत हात अडतो."

हळूहळू मला कळायला लागलं. चेंडू हातात आल्यावर तो छातीशी घेतो की पोटाशी नेतो. दोघं अंगावर आले की गोंधळतो की तिसऱ्याला देतो. चुकल्यावर पळत परत येतो की कमरेवर हात ठेवून चालत. आणि दुसरी उडी! "पहिली उडी काय, कोणीही मारतं. खाली आल्या आल्या दुसरी किती लवकर, ते मोजा," असं म्हणून तो स्वतः खोलीच्या मध्ये उडी मारून दाखवायचा आणि गुडघा धरून खाली बसायचा. वरचा दिवा दोनदा फोडला त्यानं. बायको म्हणाली, "तिसऱ्यांदा फुटला तर तुम्हीच मेणबत्ती धरून उभे राहा, उंच आहात."

एकदा मी एका गोऱ्या पोराला पाहून म्हटलं, "ह्याला नको घेऊस. हा कोणाकडे बघतच नाही." तो म्हणाला, "काहून हो काकू, मी तीन पानं लिहिली त्याच्यावर." मग वही पुढे ओढून शेवटी एक ओळ लिहिली: शेजारच्या काकूंना पसंत नाही.

पण तीन वर्षांत त्याचा एकही पोरगा ड्राफ्टमध्ये लागला नाही. एक जखमी झाला, एक शिकायला परत गेला, बाकीचे नुसतेच राहिले. चौथ्या हिवाळ्यात एजंटाचा फोन आला. या वर्षी तुझ्या यादीतलं एक नाव लागलं पाहिजे, नाहीतर आपला रामराम.

त्या दिवसापासून माणूस बदलला. दाढी वाढली. इथं कोणी कसा आहेस विचारलं की "ग्रँड" म्हणायची पद्धत, तोही म्हणायचा, "ग्रँड, काकू," आणि चहा तसाच निवायचा. बायको जास्तीच्या ड्यूट्या घ्यायची. तो सकाळपासून पडद्यासमोर. मला एकदा म्हणाला, "हेही गेलं तर मला दुसरं काही येत नाही हो." चाळिशीच्या माणसाचा आवाज असा लहान झालेला ऐकवत नाही.

आणि फेब्रुवारीत त्याला तो सापडला. एका लहानशा कॉलेजातला पोरगा, काळासावळा, लांब हातांचा, हसरा. एवढा मोठा देह, पण वळायचा असा की पाण्यातला मासा. कोणाचं लक्षच गेलं नव्हतं त्याच्याकडे. ह्यानं मला हाताला धरून नेलं. "बघा. बघा, दुसरी उडी बघा!" डोळ्यांत पाणी होतं त्याच्या.

मी पाहिलं. चार दिवस पाहिलं. पाचव्या दिवशी माझ्या तोंडून निघून गेलं, "हा डावा पाय टेकवत नाही. ठेवतो."

"म्हणजे?"

"उजवा धपकन टेकतो. डावा ठेवतो, बाहेरच्या कडेवर. गरम फरशीवर ठेवावा तसा."

त्यानं रिमोट उचलला. खेळ मागे नेला, पुन्हा मागे नेला. जुने सामने काढले. नोव्हेंबरमध्ये पाय सरळ पडत होता. जानेवारीपासून कडेवर. मी घरी येऊन मुलीला विचारलं. ती म्हणाली, "आई, हाडाला बारीक चीर असू शकते. स्कॅन केल्याशिवाय उड्या मारायला लावू नये." मी तेच त्याला जाऊन सांगितलं.

त्यानं वही उघडली. माझ्यासमोर लिहिलं. मग पेन्सिल ठेवून म्हणाला, "नागपूरला मी स्वतः खेळायचो तेव्हा राज्याच्या संघाच्या निवडीआधी मी माझा दुखरा गुडघा लपवला होता, काकू. कोणाला सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी संपलं सगळं."

"म्हणूनच लिही बाबा."

"लिहिलं ना."

पंधरा दिवसांनी तो ताटलीभर शिरा घेऊन आला. एजंटानं पोराला घेतलं होतं. चाचणीला बोलवायला चार संघ तयार होते. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा. मी विचारलं, "ती पायाची ओळ घातलीस ना इंग्रजीत?"

"घातली, काकू," तो म्हणाला. शिऱ्याकडे बघून म्हणाला.

माप घेणाऱ्या बाईला माणूस कुठे अंग चोरतोय ते कळतं हो. मला कळलं होतं. पण किती महिन्यांनी त्या घरातून हसण्याचा आवाज येत होता! मी दुसरा प्रश्न विचारला नाही. शिरा खाल्ला. छान झाला होता.

जूनमध्ये, ड्राफ्टला दोन आठवडे असताना, चाचणीच्या मैदानावर त्या पोराचा डावा पाय मोडला. दुसऱ्या उडीला. खाली आला, पुन्हा वर जायला गेला, आणि गेलाच नाही.

मला सकाळी कळलं. मी मागच्या दारात दोरीवरचे कपडे काढत होते, तो कुंपणापलीकडे उभा होता. पाऊस भुरभुरत होता.

"कसा आहेस रे?" मी सवयीनं विचारलं.

"ग्रँड," म्हणाला, आणि त्याचं तोंड वेडंवाकडं झालं. "नव्हती घातली, काकू. इंग्रजी करताना त्या ओळीपाशी आलो आणि पुढच्या ओळीवर गेलो. ती लिहिली असती तर एजंटानं घेतलाच नसता त्याला. माझा गुडघा मी लपवला तेव्हा तो माझा होता हो. हा पाय माझा नव्हता."

दुसरा प्रश्न मीही विचारला नव्हता. माझ्या पोटात त्याचा शिरा होता.

ड्राफ्टच्या यादीत त्या पोराचं नाव अर्थातच आलं नाही. आता एजंट ह्याला काढणार असं आम्ही धरून चाललो होतो. त्याचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते, फोन स्पीकरवर होता. एजंट मोठ्या मनानं बोलत होता. नशीब खराब, म्हणाला. तुझी नजर बरोबर होती, पाय मोडेल हे कोणाला कळणार होतं? पुढच्या वर्षाची पोरं बघायला लाग.

त्याला शिव्या हव्या होत्या, मला वाटतं. त्या मिळाल्या असत्या तर तो टिकला असता; ही शाबासकी त्याला पेलवली नाही.

त्यानं स्पीकरवरच ती ओळ सांगितली, इंग्रजीत, अडखळत.  पलीकडून फोन बंद झाला. ह्यानं टीव्हीची वायर काढली आणि हातावर गुंडाळत बसला. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. 

"त्या पोराला कळवलंस?" मी म्हटलं.

"कळवलं. उत्तर नाही आलं. काहून येईल?"

ऑगस्टमध्ये बायकोला पार पूर्वेकडच्या ड्रोहेडा गावी काम मिळालं आणि ते गेले. निघायच्या सकाळी तो माझ्याकडे आला, मी सोडून दिलेल्या पट्टीची तीच पँट घालून. उजवा पाय आता जास्तच वाचवत होता. हातात वह्या होत्या. "टाकवत नाहीत, काकू. नेववतही नाहीत." वाकून नमस्कार केला, एवढा उंच माणूस, उठताना माझ्याच खांद्याला धरून उठला. तिकडे काय करतो माहीत नाही. फोन करते तर "ग्रँड" म्हणतो आणि बायकोकडे देतो.

वह्या शिलाईमशीनच्या खणात आहेत. शेवटची कधीतरी उघडते. त्याचं अक्षर तिरकं, पेन्सिल पुसट होत चाललीय. त्या पोराच्या पानावर खाली ओळ आहे: डाव्या पायाचं स्कॅन होईपर्यंत ह्याला उडी मारू देऊ नका. खोडलेली नाही. वर बोटानं पुसल्याची खूणही नाही. ट्रलीत बसून मी ती वाचते, चष्मा लावून, दर वेळी शेवटच्या शब्दापर्यंत. तो पोरगा समुद्राच्या पलीकडे आहे आणि त्याला मराठी येत नाही.