भागुआत्याचा सीन

राजश्रीला सत्कार नको होता. पण सत्कार नको म्हणणाऱ्या माणसाचा सत्कार केल्याशिवाय आपल्याकडे कुणाला चैन पडत नाही. वडगाव रासाईच्या मंडळींनी चौकात 'हिंदी सिनेमाच्या लेखिका, आपल्या गावची लेक' असा फ्लेक्स लावला, रविवारी अकराला मंगल कार्यालयात आधी अख्खा सिनेमा आणि मग शाल-श्रीफळ असा बेत पक्का केला, आणि तिला फोन केला तो सगळं ठरल्यावर. तशी ती लेक भांडगावची. आई गेली तेव्हा सात वर्षांची होती, ती भागुआत्याकडे आली आणि इथलीच झाली.

फोन ठेवताना ती घाबरली होती. त्या सिनेमात तिनं आत्याचं गुपित विकलं होतं.

आत्याचा नवरा कोंडिबा हात उगारल्याशिवाय बोलत नसे. एका पावसाळ्यात भीमेचं पाणी वाढलं, तसा मोटारीचा पाइप वाचवायला तो नदीत उतरला आणि ओढला गेला. काठावर आत्या एकटी, हातात बैलाचा कासरा. तो "टाक, टाक" म्हणून ओरडत होता आणि आत्यानं दोर टाकला नाही. गावाला एवढंच ठाऊक, की कोंडिबा वाहून गेला. खरं काय ते आत्यानं एकदाच सांगितलं, राजश्री मुंबईला निघाली तेव्हा, तिच्यासाठी भाकरी बांधताना. "तुला म्हणून सांगती," म्हणाली आणि फडक्याची गाठ मारली.

कोंडिबाच्या मागे आत्यानं गावातून रोज जाऊन-येऊन शिक्रापूरला कामगारांची खानावळ चालवली होती. यूपी-बिहारच्या पोरांना वाढता वाढता राजश्री हिंदी शिकली. तिची हिंदी पुस्तकातली नव्हती, ताटावरची होती, आणि मुंबईत तीच चालली. पण पहिली सहा वर्षं संवाद तिचे आणि पडद्यावर नाव दुसऱ्याचं; पुढे नाव आलं तेही दुसऱ्यांच्या जोडीनं. कुठे अडली की ती आत्याला फोन लावी.

"आत्या, नवऱ्यानं बाहेर काढलेली बाई दारात काय बोलंल?"

"बोलंल कशाला? आधी चपला घालंल."

राजश्री ते हिंदीत उतरवी आणि अंधेरीतली मोठी माणसं वाहवा करत. चौदा वर्षांत तिनं लिहिलेली प्रत्येक बाई, मग ती दिल्लीची असो की लखनौची, मुळात भागुआत्याच बोलत होती. आत्याला त्याचं कौतुकही नव्हतं. ती भांडी घासता घासता सांगून मोकळी होई.

मग राजश्रीच्या एकटीच्या नावाचा पहिला सिनेमा आला आणि शेवटाशी अडला. नायिका बुडत्या नवऱ्याला वाचवते, असं तिनं लिहिलं होतं. दिग्दर्शक म्हणाला, यात दम नाही, दुसरा लेखक बघू. चौदा वर्षं डोळ्यांसमोरून निघून चालली, आणि तिच्या तोंडून गेलं, "ती दोर टाकतच नाही." दिग्दर्शकानं ते लगेच लिहून घेतलं. सिनेमा तिच्याकडेच राहिला. त्या एका सीनसाठी मात्र तिनं आत्याला फोन केला नाही. तिनं नदी बदलली, गाव बदललं, माणसांची नावं बदलली. बैलाचा कासरा तेवढा बदलवेना. तो काढला की सीन मरत होता.

आत्या काय म्हणेल, ही एक भीती होती. दुसरी होती गेणबाची. गेणबा म्हणजे कोंडिबाचा धाकटा भाऊ. आत्या राहते ती त्याच्या शेजारी, भिंतीला भिंत लावून. बांधावरून त्यानं एकदा एकाचं डोकं फोडलं होतं. भाऊ कसा गेला हे त्याला कळलं, तर राजश्री मुंबईला निघून जाईल. आत्या कुठे जाईल?

रविवारी पोरांनी कार्यालयाच्या खिडक्यांना शेतातला काळा मल्चिंग पेपर चिकटवून अंधार केला. पहिल्या रांगेत राजश्री, शेजारी आत्या, पलीकडे टोपी सारखी करत गेणबा. आत्या नवं लुगडं नेसली होती आणि पोरीचं नाव पडद्यावर आलं तेव्हा सगळ्यांत आधी टाळ्या तिनं वाजवल्या.

सीन आला. पडद्यावर पाणी, काठावर बाई, हातात कासरा. राजश्रीनं पडद्याकडे पाहिलंच नाही. ती आत्याच्या हातांकडे बघत होती. ते मांडीवर होते आणि अजिबात हलत नव्हते. पलीकडे गेणबानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. राजश्रीला उठून पळावंसं वाटलं.

सिनेमा संपला, पोरांनी कागद ओढून काढले. लोक टाळ्या वाजवत होते. गेणबा उठला आणि सरळ आत्यासमोर येऊन उभा राहिला. राजश्री मधे घुसली.

"मामा, ती नुसती गोष्ट हाय."

गेणबानं तिच्याकडे बघितलंही नाही.

"वैनी," तो हळूच म्हणाला, "त्या दिशी मी उसात हुतो. मोटारीपशी." त्यानं हातातली टोपी चुरगाळली. "मला पवता येत हुतं."

तीस वर्षं ही दोन माणसं एका भिंतीच्या दोन बाजूंना जेवली होती.

"ठावं हाय, भावजी," ती म्हणाली. "ऊस हालताना दिसला हुता मला." तिनं शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली. "बसा."

तो बसला. तेवढ्यात माइकवरून राजश्रीचं नाव पुकारलं. ती निघणार, तोच आत्यानं तिचं मनगट धरलं. खानावळीतली उतू जाणारी पातेली उचलणारा हात, अजून तसाच घट्ट.

"मला न इचारता लिवलंस."

"व्हय, आत्या. चुकलं माझं."

"ह्ये आत्ताचं न्हाई लिवायचं. त्यांचं हाय ते."

"न्हाई लिवणार."

आत्यानं हात सोडला. राजश्री स्टेजवर चढली, मान खाली घातली, सरपंचांनी शाल खांद्यावर टाकली. आणि तिच्या ध्यानात आलं, की गेणबाचं ते वाक्य आपण पायऱ्या चढतानाच मनात हिंदीत म्हणून पाहिलंय, एकदा नाही, दोनदा, आणि दुसऱ्यांदा ते जास्त चांगलं जमलंय. खाली आत्या विश्वासानं टाळ्या वाजवत होती. राजश्रीला अंधारात वाटली नव्हती एवढी भीती त्या उजेडात वाटली.