जावयांनी न फोडलेली पिवळी गाडी

आमच्या जावयांनी माझी पिवळी स्पोर्ट्स कार फोडली नाही. ती मी फोडली.

एवढं साधं वाक्य, पण ते घरात उच्चारायला मला एका धोंड्याच्या महिन्यापासून दुसऱ्या धोंड्याच्या महिन्यापर्यंत वेळ लागला. हा अधिक महिना तीन वर्षांतून एकदा येतो, म्हणजे माझ्या धाडसाचा वेग तुमच्या लक्षात येईल. गारखेड्यातल्या आमच्या कॉलनीत मात्र काही जण अजूनही जुनीच कथा सांगतात. त्या पहिल्या दुपारचा माझ्याशिवाय दुसरा साक्षीदार नाही. (आरोपीही मीच असल्यामुळे तसं सोयीचं आहे.)

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो तेव्हा घरात एक पांढरी गाडी होती. शहाणी गाडी. भाजी, दवाखाना, लग्नं, बारशी, सगळं तिनं न कुरकुरता केलं. पण जन्मभर सरकारी जीपच्या मागच्या सीटवर हेलकावे खात धरणं बघायला गेलेल्या माणसाला एकदा तरी वाटतंच, की गाडी आपण चालवावी आणि तिनं जरा पळावं. मुकुंदवाडीत शफीकभाईंचं जुन्या गाड्यांचं दुकान आहे. आम्ही शाळेपासूनचे दोस्त. त्यांना सांगितलं, दुसरी गाडी हवी. परवडणारी हवी, पण चालवताना मजा यायला हवी. त्यांनी आधी माझ्या वयाला शोभणाऱ्या गाड्या दाखवल्या. मी प्रत्येकीला नाही म्हणालो. शेवटी त्यांनी कोपऱ्यातली ताडपत्री ओढली. खाली पिवळीधमक, दोन दारांची, दोनच सीटची आणि इतकी बुटकी गाडी, की तिच्या टपावर मी सहज कोपर टेकवून उभा राहिलो.

"बैठना आसान है यार," शफीकभाई म्हणाले. "उतरने का तू तेरा देख ले."

मी बसलो, आणि उतरायच्या आधीच घेतली.

आमच्या सौभाग्यवती सुमनबाईंनी गाडीला ओवाळलं, चाकांखाली लिंबं ठेवली आणि मग आत वाकून बघितलं.

"मागं कोण बसायचं?"

"मागं काही नाहीच."

"मग पिशवी कुठं ठेवायची?"

पिशवी पहिल्या दिवसापासून तिच्या मांडीवर बसली.

आता गोष्टीतलं दुसरं पात्र. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक गतिरोधक आहे. पोरं मोटारसायकली बेफाम पळवतात म्हणून मीच महानगरपालिकेत खेटे घालून तो मंजूर करून घेतला होता. माणसं बरेच दिवस आली नाहीत आणि आली ती बहुधा शहरातलं उरलेलं सगळं डांबर घेऊन. जो उंचवटा तयार झाला त्याला कॉलनीत 'जाधव साहेबांचं धरण' म्हणतात. (खात्यात असताना एकाही धरणाला माझं नाव लागलं नाही, ते असं लागलं.)

मागच्या धोंड्याच्या महिन्यात आमची वैशाली आणि जावई श्रीकांतराव जालन्याहून आले. या महिन्यात जावयाला घरी बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, वाण द्यायचं आणि त्याला एका शब्दानंही दुखवायचं नाही, असा आमच्याकडचा रिवाज. श्रीकांतरावांना गाड्यांचं वेड. सकाळी मी चावी त्यांच्या हातात ठेवली. ते जालना रोडनं चिकलठाण्याच्या पुढं जाऊन आले. धरणावरून त्यांनी गाडी अशी तिरपी, अलगद काढली, जसं झोपलेलं मूल एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घ्यावं. मग जेवण झालं. सुमननं आग्रह कर करून धोंडे वाढले, तुपात पोहणारे. जावई पंख्याखाली आडवे झाले आणि घोरू लागले.

चावी त्यांच्या खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशात होती. मी ती घेतली. माझीच गाडी, माझीच चावी, तरी पाय न वाजवता घेतली. माणसाला आतून आधीच कळत असतं.

दुपारची कॉलनी सामसूम. मी गाडी पळवली. वारा, आवाज, सगळं जसं मनात होतं तसं! धरण समोर आल्यावर वेग कमी केला. पुरेसा नाही. खालून असा आवाज आला, जसं कुणी मोठं पातेलं फरशीवरून फरफटत न्यावं. थांबलो, चहूबाजूंनी बघितलं. रंगसुद्धा गेला नव्हता. म्हटलं वाचलो. आता घरी जायला तेच धरण परत ओलांडायचं होतं. मी ते ओलांडलं. पातेलं पुन्हा वाजलं. गाडी जागेवर लावली, चावी सदऱ्यात ठेवली आणि जावयांच्या शेजारी सतरंजीवर पडून डोळे मिटून घेतले.

संध्याकाळी सुमन तुळशीला दिवा लावायला गेली, तर गाडीखालून निघालेलं काळं तेल रांगोळीपर्यंत पोचलेलं. गाडी सुरूच होईना. शफीकभाई आले, जमिनीवर झोपून खाली बघितलं.

"चेंबर फूट गया. किसीने जोर से पटकी है."

चेंबर म्हणजे इंजिनाच्या पोटाखालचं तेलाचं भांडं. ते फुटून तेल गळालं, आणि तेल गळत असताना गाडी तशीच घरापर्यंत आणल्यामुळे इंजिनही जाम. सुमननं घोरणाऱ्या जावयांकडे बघितलं, मग माझ्याकडे. सकाळी गाडी कोण घेऊन गेलं होतं, हे सगळ्या घराला माहीत होतं. दुपारचं कुणालाच माहीत नव्हतं. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं.

"सुमन, खरं म्हणजे..."

"गप बसा," ती दबक्या आवाजात म्हणाली. "जावई हायेत. धोंडे खायला बोलावलं आन् आता जाब विचारता व्हय? या घरात ह्याबद्दल कुणी एक शब्द काढायचा नाय."

लग्न झाल्यापासून सुमनची एकही आज्ञा मी इतक्या तत्परतेनं पाळली नसेल.

जावई उठल्यावर त्यांना सांगितलं, गाडी जुनीच होती, शफीकभाई परत नेतायत. ते हळहळले. "अरेरे, सकाळी तर किती छान चालत होती, मामा." (ते मला मामा म्हणतात.) सुमननं मला कोपरानं ढोसलं. बघा, तोंडावर कशी सुरकुतीसुद्धा नाही, असा त्या ढोसण्याचा अर्थ होता.

यातली अडचण अशी, की आरोप केला तर माणूस निदान नाही तरी म्हणू शकतो. जावयावर आरोप करायचाच नसतो. त्यामुळे श्रीकांतरावांना आपण गुन्हेगार आहोत हे कळलंच नाही आणि शिक्षा मात्र सुरू झाली. पैठणला जायचं असो की लग्नाला, ते पांढऱ्या गाडीच्या चावीकडे हात नेत, की सुमन म्हणे, तुम्ही दमला असाल, मागं बसा आरामात. मागच्या सीटवर त्यांच्यासाठी खास उशी शिवली. उशीवर मोर. जावयांना वाटायचं, काय माया आहे सासूबाईंची. ते चारचौघांत तसं सांगायचे आणि मी खिडकीबाहेर बघायचो. पुढं मी चालवत असे, दुसऱ्या गिअरमध्ये, आणि मागं हा उत्तम ड्रायव्हर मोराला टेकून बसलेला. त्यांची ढेरीही त्याच काळातली. तिलाही मीच जबाबदार आहे.

यंदा पुन्हा धोंडे आले. श्रीकांतराव जालन्याहून आले, वैशालीला घरी सोडून थेट मुकुंदवाडीला गेले आणि शफीकभाईंना सोबत घेऊन एका लाल गाडीतून आमच्या दारात उतरले. दुसरी गाडी घ्यायची म्हणत होते. एक घरची आहेच, ही मजेसाठी. लहानशी, जुनी, खिशाला झेपणारी. चेहरा असा, जसा वर्गात पहिला आलेल्या पोराचा. "मामा, तुमच्या पिवळीची बहीणच शोधलीय. तुम्ही हो म्हणा, लगेच घेतो."

मी हो म्हणणार, तेवढ्यात वैशाली आडवी आली. आधी खर्चाचं म्हणाली, मग मागं सीट नसल्याचं, आणि तेही चालेना तेव्हा इतकी वर्षं आईनं दाबून ठेवलेलं झाकण तिच्याच तोंडून उडालं.

"बाबांची गाडी फोडली तुम्ही. आम्ही कुणी एका शब्दानं बोललो का?"

सुमननं कपाळावर हात मारला. श्रीकांतरावांनी वैशालीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता चिडतील, नाही म्हणतील, आणि मी त्यांच्या बाजूनं उभा राहीन. त्यांनी तसं काही केलं नाही. आठवायला लागले.

"चिकलठाण्याच्या पुढं एक खड्डा लागला होता," ते हळू आवाजात म्हणाले. "मला वाटलं, चुकवला. नसेल चुकला. मामा, माफ करा. आणि लाल गाडी राहू द्या, शफीकभाई."

आणि ते माझ्या पायाशी वाकले.

धरणाचा दरवाजा किती भारानं उघडतो ते मी नोकरीत शिकलो होतो. माझा त्या क्षणी उघडला. मी सगळं सांगितलं: खुंटी, सदरा, चावी, पातेलं, सतरंजी. सांगून झालं आणि सुमनचे डोळे भरून आले.

"जावयासाठी किती मोठं मन करता हो."

"अगं, मन नाही. मीच फोडली."

"तुम्ही? पांढरी गाडी तिसऱ्या गिअरात घालायला मुहूर्त बघता तुम्ही."

वैशालीला तर वडिलांचा फारच अभिमान वाटला. जितकं शपथेवर सांगावं तितका मी थोर होत चाललो. शेवटी मी लाल गाडीची चावी मागितली. फक्त दाखवणार होतो, की इथून आलो, असा आलो, इथं चुकलो. शफीकभाईंनी चावी दिली. सगळे मागोमाग चालत आले, शेजारीही आले.

मी हळूच निघालो. पण या गाड्यांत पायाखाली जागा कमी, आणि माझी चप्पल रुंद. ब्रेकवर ठेवलेला पाय नुसता ब्रेकवर नव्हता. पातेलं वाजलं. या वेळी गाडी पलीकडे गेलीच नाही. धरणावर पोट टेकून बसली, तराजूच्या दांडीसारखी, आणि चाकं हवेत गरगर फिरत राहिली. उतरायला गेलो, तर गुडघे म्हणाले, तुझं तू बघ.

सुमन खिडकीशी वाकली.

"म्हणजे त्या दिवशी बी..."

"व्हय."

"जाताना?"

"आणि येताना."

ती सरळ झाली, पदर नीट केला आणि वळली. "श्रीकांतराव, आत चला. धोंडे गार होतील." माझ्याकडे तिनं पुन्हा बघितलंही नाही.

पण श्रीकांतराव आत गेले नाहीत. ते आधी हसले, इतके की त्यांना गाडीलाच धरून उभं राहावं लागलं. मग चार जणांनी मला बाहेर काढलं आणि मग गाडी उचलली. (गाडी हलकी गेली म्हणतात.) शफीकभाई खाली झोपून बघून आले. चेंबर शाबूत होतं. त्यांनी खालून लोखंडी पत्रा आधीच ठोकून घेतला होता.

"तेरी गल्ली में दिखानी थी ना," ते म्हणाले.

लाल गाडी श्रीकांतरावांनी घेतली. वैशालीनंच पहिला नारळ वाढवला. मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू! त्या रात्री मी इतका गाढ झोपलो, की माझ्या घोरण्यानं जावई उठून बसले.

आता इथं आले की पांढरी गाडी श्रीकांतरावच चालवतात आणि सुमन पुढं बसते. मागची सीट मला मिळाली आहे, तीच सरकारी जीपमधली सवयीची जागा. उशी मात्र सुमननं जावयांसाठी लाल गाडीत नेऊन ठेवली.