भीमराजच्या कॉम्प्युटरातलं सत्त्याण्णव साल

आमचा भीमराज, माझा धाकटा भाऊ, फुकट मिळालेली वस्तू परत करील तर शप्पथ! जामखेडात त्याचं लग्नपत्रिका छापून देण्याचं दुकान. मराठी टायपिंगचा प्रोग्राम त्याला कुणीतरी महिनाभर वापरून बघायला दिलेला. महिना भरला की तो बंद पडणार. ह्या पठ्ठ्यानं काय करावं? महिना संपत आला की कॉम्प्युटरची तारीखच मागं न्यायची. बाहेर नव्व्याण्णव साल उजाडलं, तरी दुकानात सत्त्याण्णवचा मे महिना चालूच. मी किती वेळा बोलले असेन, पण थोरल्या बहिणीचं ऐकतो कोण?

त्यातच त्यानं आपल्या बौद्ध समाजातल्या मुलामुलींसाठी वधू-वर परिचयाची वेबसाइट काढली. पोरींचे फोटो, पत्ते भलत्यांच्या हाती लागू नयेत म्हणून पुण्याच्या कंपनीकडून सुरक्षिततेचं ताजं प्रमाणपत्रही घेतलं. आणि झालं भलतंच! साइट उघडली की आधी पिवळा त्रिकोण आणि इंग्रजीत ताकीद: ह्या प्रमाणपत्रात गडबड आहे, पुढं जायचं का? भीमराजनं सगळी साइट उलटीपालटी केली. ताकीद काही हलेना.

ती हलली नाही तर त्याचं लग्न अडणार होतं. शेवगावचे कोंडीराम मामा, एसटीतले रिटायर कंडक्टर, मुलगी शुभांगीला घेऊन साइट बघायला येणार होते. अट एवढीच: पोराचा धंदा सरळ पाहिजे आणि पोरगा तिशीच्या आतला. शुभांगीला भीमराजनं आधी एकदा पाहिलेलं. तेव्हापासून ताटात काय वाढलंय हेसुद्धा त्याला कळत नव्हतं.

रविवारी दोघं आली. जय भीम झाला, चहा झाला. साइट उघडली आणि त्रिकोण हजर.

"हे काय लिवलंय?" कोंडीराम मामांनी विचारलं. उभी हयात तिकिटं तपासण्यात गेलेली, ते काय सोडतात!

"काही नाही मामा, हो म्हणायचं असतं," म्हणत भीमराजनं घाईघाईनं पान उघडलं. भीमराज, वय एकोणतीस. खाली शुभांगी, वय पंचवीस. मामांनी मान हलवली. पण गडी विसरायला तयार नाही. "पर ते आदीचं काय हुतं?"

शुभांगीनं कॉम्प्युटरचा कोर्स केलेला. तिनं ताकीद परत आणून वाचली. "आबा, ह्यात लिवलंय, प्रमाणपत्राची मुदत एक तर संपली, न्हाईतर अजून सुरूच झाली न्हाई." मग तिनं कोपऱ्यातल्या घड्याळावर बाण नेला, तर मे सत्त्याण्णव! नव्व्याण्णवचं प्रमाणपत्र त्या घड्याळाच्या हिशेबानं अजून सुरूच व्हायचं होतं. ती खुदकन हसली. भीमराजला सगळं सांगावं लागलं.

मामा खवळले. "आन् आमच्या पोरी असल्या मशीनवर ठिवायच्या व्हय? आत्ताच्या आत्ता नीट करा!"

भीमराज नुसता घुटमळत होता. मला वाटलं, फुकटच्या प्रोग्रामसाठी जीव अडकलाय. "कर की रे मेल्या!" मी डाफरले. त्यानं तारीख बदलली, साइट पुन्हा उघडली. त्रिकोण गायब, पान कसं स्वच्छ! मी टाळीच वाजवणार होते.

पण त्या पानावरचं वय कॉम्प्युटर स्वतः काढायचा, जन्मतारीख आणि आजची तारीख बघून. भीमराज, वय एकतीस. मघाचं एकोणतीस त्यानं हातानंच टाकलंय असं समजून मी तोंड मिटून बसलेले; तारखेची ही करामत लबाडाला आधीपासून ठाऊक होती!

मामांनी बोलायला तोंड उघडलं आणि नजर खालच्या ओळीवर गेली. शुभांगी, वय सत्तावीस. जन्मतारीख त्यांनी दाखल्यावरची खरी पाठवलेली, पण सोयऱ्याधायऱ्यांत दोन वर्षं पंचवीसच सांगत होते.

मग मामा खाकरले. "पाव्हणं, ती तारीख... जरा मागं घ्या."

"मग ताकीद येईल, मामा."

"यिऊ द्या की! कोन वाचतंय?"

मला हसू आवरेना. भीमराजचा हात माऊसकडे गेला, तर शुभांगीनं माऊस आपल्याकडे ओढून घेतला.

"न्हाई आबा. जो पाव्हना येतो त्याच्याम्होरं मी पंचवीसचीच. लई कंटाळा आला मला त्याचा. सत्तावीसची हाय मी. आन् मला एकतीसचा चालतोय."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मामा माझ्याकडे वळले. "ताई, घरात साखर हाय का?"

मी आत पळाले.