प्लास्टरवाले भाऊ आणि खेळातली मोडलेली हाडं

“हात द्या बरं,” असं ते म्हणायचे, आणि तुम्ही द्यायच्या आधीच तुमचा हात त्यांच्या हातात गेलेला असायचा. अंगठ्याचं नख दाबून पांढरं करायचे, सोडायचे, आणि गुलाबी रंग परत येईपर्यंत त्याच्याकडे बघत राहायचे. रंग आला की मान हलवून म्हणायचे, “फिरून राहिलं रक्त. चला.”

भाजीवाला, बँकेतला शिपाई, लग्नात भेटलेला नवरदेव, कोणीही यातून सुटत नसे. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. नोकरी संपते, पण हाताला लागलेली सवय नोकरी सोडत नाही.

जबलपुरात मराठी माणूस दिसला की लोक त्याला ‘भाऊ’ म्हणतात, पण आमच्या दवाखान्यात भाऊ म्हटलं की हेच. ते प्लास्टर घालायचे, मी हाडांचा डॉक्टर. सोळा वर्षं आम्ही एकत्र काम केलं. तेव्हा मी त्यांना ‘तू’ म्हणत असे. आज ‘ते’ लिहितो आहे, आणि हा बदल फार उशिरा झाला हे मला ठाऊक आहे. त्यांच्या नावासमोर दवाखान्याच्या कागदांत एक दोष लिहिलेला आहे. तो मी लिहिला. तो त्यांचा नव्हता. मी एक्याऐंशी वर्षांचा आहे, आणि ते सरळ करायला मला आता वेळ मिळाला.

पण आधी त्यांचे हात तुम्हाला दाखवायला हवेत. ओलं प्लास्टर ते नेहमी तळहातावर पेलायचे, बोटांनी कधीच धरायचे नाहीत. बोटाचा खड्डा पडला की तो आत वाळतो आणि कातडीला जखम करतो. हे मला कॉलेजात शिकवलं होतं, पण बघायला मिळालं ते भाऊंकडे. रडणाऱ्या लेकराला ते विचारायचे, “काहून रडते? दुखते की भेव लागते?” पोर विचारात पडायचं, आणि तेवढ्यात प्लास्टर पूर्ण झालेलं असायचं.

निवृत्तीनंतर पुष्कळ वर्षांनी ते मला नेपियर टाउनमध्ये औषधांच्या दुकानात भेटले. माझी नात रेवा सोबत होती. त्यांनी आधी माझं नख दाबलं, मग तिचं.

“काय करते बेटा?”

“अंकल, हम लोग गेम बनाते हैं. व्हिडिओ गेम. म्हणजे चार जणांची टोळी असते, प्रवास करते, लढाई करते. सध्या मी जखमांचं काम करून राहिली आहे. हात मोडला, पाय मोडला तर लढाईत काय होतं ते.”

“मग डॉक्टर साहेब आहेत ना घरात.”

“आबांनी मला हाडं जुळायला किती आठवडे लागतात त्याचा तक्ता दिला,” रेवा म्हणाली. “लढाई दोन मिनिटांची असते, अंकल.”

भाऊ इतके हसले की दुकानदारानं मान वर करून पाहिलं. पुढच्या मंगळवारी ते तिच्या कार्यालयात हजर. एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा, पाच मुलं-मुली, सात कॉम्प्युटर. मीही गेलो. खरं सांगायचं तर ते काय बोलतील या काळजीनं गेलो.

पडद्यावर एका योद्ध्याच्या मांडीवर गदा बसली. त्याच्या चित्राशेजारी लाल पायाची खूण आली आणि तो लंगडत, अर्ध्या वेगानं, शत्रूवर धावून गेला. मग हिरवं औषध प्यायला आणि बरा झाला.

“हा माणूस मोडलेल्या पायानं पळून राहिला?” भाऊ म्हणाले. “काहून?”

प्रोग्राम लिहिणारा मुलगा हिंदीतून समजावू लागला. “अंकल, हाथ टूटा तो वार आधा, पैर टूटा तो चाल आधी. सीधा हिसाब है. खेलनेवाला बोर नहीं होना चाहिए.”

“मांडीचं हाड मोडलं तर आधी-बिधी काही नसते, बाबू. माणूस तिथंच पडते. मग त्याला उचलते कोण?”

“कोई नहीं. लढाई चालू है ना.”

“म्हणजे त्याला सोडून देता?” भाऊंनी विचारलं.

मग त्यांनी खांद्यावरचा गमछा काढला, त्या मुलाचा उजवा हात त्याच्या छातीशी बांधला, डाव्या हातात झाडू दिला आणि म्हणाले, “मी शत्रू. मारा.” मुलानं झाडू उचलला. भाऊंनी फक्त त्याच्या बांधलेल्या हाताकडे एक बोट नेलं. मुलगा अख्खा वळला, हात वाचवायला. झाडू खाली पडला.

“पाहिलं? मी मारलंबी नाही. दुखरा हात असला की माणूस शत्रूशी कमी लढते, त्या हाताचा पहारा जास्त करते. हे टाका तुमच्या खेळात.”

रेवा लिहून घेत होती. मुलं उठून उभी राहिली होती. पुढचा तासभर त्या खोलीत जी आदळआपट चालली ती ऐकून खालच्या क्लासचे सर वर तक्रार घेऊन आले. भाऊंनी त्यांचाच पाय दोन पट्ट्यांत बांधला आणि दोघा मुलांना सरांना उचलायला लावलं. सर जाडजूड होते. उचलणाऱ्या दोघांच्या तलवारी, म्हणजे फूटपट्ट्या, गळून पडल्या.

“मोजा आता,” भाऊ म्हणाले. “पाय एकाचा मोडला. लढाईतून गेले किती? तीन. मोडलेलं हाड कधी एकट्याचं नसते.”

त्या दिवसापासून खेळाचा हिशेबच बदलला. जखम एका चित्राशेजारची लाल खूण राहिली नाही, ती चौघांची झाली. ज्याचा उजवा हात गेला तो लढाईतले पहिले काही डाव सवयीनं उजव्याच हातानं शस्त्र काढायला जातो आणि डाव वाया घालवतो. ढालीचा हात गेला तर शेजारच्याला आपली ढाल पुढे करावी लागते. आणि जखम बांधली म्हणजे संपलं नाही, हा तर भाऊंचा खास नियम. घट्ट बांधलं तर रक्तस्राव थांबतो, पण हात मरायला लागतो. म्हणून दर दोन डावांनी कोणीतरी थांबून त्या जखमीचं नख दाबायचं. विसरलात तर हात कायमचा गेला.

“अंकल, ये बहुत हार्ड है,” मुलगा म्हणाला. “लोग भूल जाएंगे.”

“विसरतातच,” भाऊ म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

ते सात-आठ महिने दर मंगळवारी येत राहिले. येताना कधी पेरू आणायचे. वाद घालायचे, आणि पटलं तर लगेच हरायचे. हिरवं औषध काढून टाकावं असा त्यांचा हट्ट होता. रेवा म्हणाली, काहीतरी जादू हवीच. दोन मंगळवार वाद चालला. शेवटी ते म्हणाले, “ठेवा. पण औषधानं दुखणं थांबू द्या, हाड नका जोडू. नाहीतर सोबतीचे लोक काहून लागतील?”

एका मंगळवारी प्रश्न निघाला, हात कायमचा गेलेल्या योद्ध्याचं काय करायचं. मुलांचं म्हणणं, खेळणारे त्याला टोळीतून काढून नवा घेतील, तसं बटणच देऊन टाकू.

“बटण नका देऊ,” भाऊ म्हणाले. मग थांबून त्यांनी शहपुऱ्याच्या एका मुलीची गोष्ट सांगितली.

अकरा वर्षांची मुलगी. झाडावरून पडली, कोपराच्या वर हाड मोडलं. प्लास्टर घट्ट झालं आणि बोटं आखडली ती आखडलीच. “एका डॉक्टरची अन् एका प्लास्टरवाल्याची चूक झाली होती,” ते म्हणाले. “मी दर रविवारी जायचो, लाकडाच्या फळ्यांनी बोटं ताणायला. अडीच वर्षं. थोडी उघडली, पूर्ण नाही. पण आज तिचं शिवणाचं दुकान आहे. त्या वाकड्या बोटांत कापड असं अडकवते की मशीनवर सरकत नाही. सरळ हाताच्या बाया तिच्याकडे शिकायला येतात. अशा माणसाला टोळीतून काढता तुम्ही?”

रेवाचे डोळे भरले. खेळात आज वाकड्या बोटांत दोर अडकवून लढणारी एक दोरवाली आहे, आणि खेळणाऱ्यांना तीच सर्वांत आवडते.

मी त्या खोलीत, खिडकीजवळच्या खुर्चीवर बसलो होतो. रविवारांचं मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

आता तुम्हाला खरं काय झालं ते सांगतो. सकाळी अकराला ती मुलगी आली. हात सुजलेला. भाऊ म्हणाले, “साहेब, सूज आहे, आज अर्धंच प्लास्टर देऊ, वरून पट्टी.” शिकाऊ डॉक्टर भोवती उभे होते. मी म्हटलं, “डॉक्टर तू आहेस का? पूर्ण घाल.” त्यांनी घातलं. दुपारी तीनला मी माझ्या खासगी दवाखान्यात होतो, त्यांचा फोन आला. “बोटं निळी पडून राहिली, कापू का?” माझ्यासमोर रांग होती. मी म्हटलं, “मी आल्याशिवाय हात लावायचा नाही.” पाच वाजता त्यांनी माझा हुकूम मोडून प्लास्टर कापलं. त्या मुलीच्या हातात जे काही उरलं ते त्यामुळे उरलं. मी आठला पोचलो.

महिन्यानं चौकशी झाली. मी लिहून दिलं की माझ्या सूचनेविरुद्ध पूर्ण प्लास्टर घट्ट घातलं गेलं, आणि मग मला न विचारता कापलं गेलं. चौकशीला तिघे बसले होते. मला खुर्ची दिली, चहा दिला. भाऊ उभे होते. त्यांना एकच प्रश्न विचारला, “तुमने काटा था?” ते म्हणाले, “हो.” त्यांना प्लास्टर खोलीतून काढून कपड्यांच्या भांडारात टाकलं. तसे हात उरलेली सगळी नोकरी चादरींच्या घड्या घालत राहिले.

खेळ पूर्ण झाला तेव्हा रेवानं खेळाच्या शेवटी झळकणाऱ्या नावांच्या यादीत त्यांचं नाव घातलं. ते म्हणाले, “माझं नको. कोणी दवाखान्यात विचारलं तर तुमच्याच खेळाची बदनामी. साहेबांचं टाका.”

“काहून पण, अंकल?”

“साहेबांना माहीत आहे.”

रेवानं माझ्याकडे पाहिलं. मी बोलू शकलो असतो, पाच जण ऐकत होते. मी म्हटलं, “त्यांची इच्छा नसेल तर राहू दे.”

खेळ आला, तो माझ्या नावानं. रेवा मला खेळणाऱ्यांचं लिहिलेलं वाचून दाखवायची. कोणी लिहिलं होतं की या डॉक्टरनं कधीतरी खरंच कुणाला खांद्यावर उचललं असणार. मी पाणी मागायचो.

दोन महिन्यांनी भाऊ गेले. झोपेतच, हृदय थांबलं. मी त्यांच्या घरी पहिल्यांदा गेलो तो त्या दिवशी. गल्लीत बाहेर उभा होतो, शेजारी दोन माणसं बोलत होती. एकानं विचारलं कोण गेलं. दुसरा म्हणाला, “अरे वही भाऊ, अस्पताल वाले. जिनके हाथ से एक बच्ची का हाथ खराब हुआ था.”

त्यात राग नव्हता. पत्ता सांगावा तसं सांगितलं त्यानं. मुलीचा हात खराब करणारे, निळ्या दाराचं घर. इतकी वर्षं ते या ओळखीनं या गल्लीतून ये-जा करत होते.

घरी येऊन मी रेवाला सगळं सांगितलं. तिनं कॉम्प्युटर उघडला. मग म्हणाली, “आबा, नाम तो मैं आज ही बदल दूँगी. बाकीचं तुम्ही करा.” आणि चार दिवस माझ्या खोलीत आली नाही.

दवाखान्याला द्यायचं निवेदन मी लिहिलं. आधी भाऊंच्या पत्नीला दाखवायचं म्हणून मराठीत लिहिलं. वहिनींनी दारातच चष्मा लावला, मला पलंगावर बसवलं आणि स्वतः उभ्यानं वाचलं. भिंतीवर बुद्धाच्या चित्राखाली भाऊंचा फोटो होता.

“इथं लिहिलं आहे, ‘माझ्याकडून चूक झाली,’” त्या म्हणाल्या.

“हो.”

“चूक त्या दिवशी सकाळी झाली, डॉक्टर साहेब. चूक कोणाचीही होते, हे ते नेहमी म्हणत. महिन्यानं तुम्ही बसून लिहिलं, ते चूक नव्हतं.”

मी खिशातून पेन काढलं. ते शब्द खोडले आणि वर लिहिलं, ‘मी खोटं लिहिलं.’ त्यांनी पुन्हा वाचलं.

“दवाखान्यात कधी देता?”

“उद्या. आणि त्या मुलीकडे शहपुऱ्याला जायचं आहे.”

“जा. पण दवाखान्यात आता त्यांना ओळखणारं कोण उरलं?” त्यांनी दाराची दोन्ही पानं उघडली. समोर एक बाई कपडे वाळत घालत होती. पलीकडच्या ओट्यावर तीन-चार म्हातारे पत्ते खेळत होते, त्यांत त्या दिवशी गल्लीत बोलणारा तो माणूसही होता. “त्यांना ही गल्ली ओळखते. इथं वाचा.”

मी उठलो. गुडघे धरून उंबऱ्याशी आलो, कागद डोळ्यांसमोर धरला.

“मराठीत नाही,” वहिनी मागून म्हणाल्या. “मराठी मला कळली. गल्लीला हिंदीत सांगा. मोठ्यानं.”

पत्ते खेळणाऱ्यांनी वर पाहिलं. त्या बाईनं हातातली चादर तशीच धरून ठेवली. मी माझं नाव सांगितलं, भाऊंचं पूर्ण नाव सांगितलं, आणि मग म्हटलं, “मैंने झूठ लिखा था.”

“आवाज नहीं आया, साहब,” ओट्यावरून तो माणूस म्हणाला.

मी पायरी उतरून गल्लीत गेलो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.